स्ट्रिपा टाकू नकोस

मिरज,
रविवार रात्र

मन्या,

काल फोनवर तू म्हणालास की उद्यापासून सगळं बंद, झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांच्या स्ट्रिपा कचऱ्यात टाकतो, काय व्हायचं ते होऊ दे, आणि मागे पोरं होती म्हणून मला नीट बोलता आलं नाही, रात्रभर तेच डोक्यात होतं म्हणून आता बसून लिहितोय. टाकू नकोस. गोळ्या सोडायच्यात, शंभर टक्के सोडायच्यात, पण अशा नाही.

तुला कधी सांगितलं नाही, पण मी पण चार वर्षं क्लोनाझेपाम घेत होतो, तुझ्यासारखीच मेंदू शांत करणारी गोळी. बाबा गेल्यावर झोप पार उडाली होती तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी 0.5 मिलिग्रॅमची लिहून दिली, रात्री एक. किती दिवस घ्यायची ते ना त्यांनी सांगितलं ना मी विचारलं. मग कुठे लग्नाला जायचं झालं तरी आधी स्ट्रिप मोजायची, मेडिकलवाल्याने नवीन चिठ्ठी मागितली की हात थंड पडायचे (चिठ्ठीशिवाय न मिळणारी गोळी आहे, तो मागणारच). त्या मोजण्याचाच शेवटी वैताग आला आणि एका दिवाळीत पाडव्याला मी पण तुझ्यासारखंच ठरवलं आणि बंद केली.

पहिल्या दोन रात्री काहीच झालं नाही. भाऊबीजेला ताईकडे पोटभर जेवलो, तुझ्या वहिनीला म्हटलं बघ, उगाच घाबरत होतो. ही गोळी अंगातून निम्मी उतरायलाच 30 ते 40 तास घेते हे तेव्हा कुठे माहीत होतं. चौथ्या रात्री सुरू झालं. स्वयंपाकघरात कुणाच्या तरी हातून ताटली पडली आणि तो आवाज अक्षरशः छातीत लागला. ट्यूबलाइटची गुणगुण सहन होईना म्हणून अंधारात बसलो तर पोटऱ्यांमधे कातडीखाली काहीतरी टकटक उडत होतं, हात लावला की कळायचं. तोंडात सारखी तांब्याचा पैसा चोखल्यासारखी चव. बनियन दोनदा बदललं. पहाटे दूधवाला आला तेव्हा मी जिन्यात बसलेलो होतो आणि मनात एकच, की माझं जुनं दुखणं परत आलं, आता ही गोळी जन्मभर.

मन्या, मला तुला सांगायचंय ते हेच. ते जुनं दुखणं नव्हतं. दोन दिवसांनी सायकिअ‍ॅट्रिस्ट मॅडमकडे गेलो, त्यांनी एवढंच विचारलं, गोळी सुरू करण्याआधी तुम्हाला आवाज असे लागायचे का, पोटऱ्या उडायच्या का, तोंडाची चव जायची का. नाही, कधीच नाही. तेव्हा फक्त झोप नव्हती आणि रडू यायचं. म्हणजे ही नवीन लक्षणं गोळी एकदम काढल्याची होती. आणि मग त्या रागावल्या, खऱ्या रागावल्या, कारण एकदम बंद केल्याने आकडी येऊ शकते, माणूस जाऊही शकतो.

दहावीत तुझा हात प्लास्टरमधे होता आठवतंय? काढल्यावर कसा काडीसारखा झाला होता, चहाचा कप उचलेना. हात गेला नव्हता, इतके दिवस काम प्लास्टर करत होतं. इथेपण तसंच झालेलं असतं. मेंदूत गाबा म्हणून शांत करणारं रसायन असतं, ही गोळी त्याचा जोर वाढवते, मग मेंदू स्वतःची तयारी कमी करतो. गोळी एकदम काढली की शांत करणारं कुणी उरतच नाही. तयारी परत येते, पण तिला वेळ द्यावा लागतो.

मॅडमनी परत पूर्ण डोस सुरू केला. मला ती हार वाटली होती, आता वाटत नाही. महिनाभर स्थिर राहिलो आणि मग रोज 0.25 च्या दोन साध्या गोळ्या (जिभेवर विरघळणाऱ्या नकोत, त्यांचा कापताना भुगा होतो), एका गोळीचे चार तुकडे, म्हणजे रोजचे आठ तुकडे. त्यातला एक कमी करायचा, तीन-चार आठवडे तिथेच थांबायचं, मग पुढचा. रविवारी दुपारी स्टीलच्या ताटलीत बसून आठवड्याचे तुकडे करायचो. सुरुवातीला सोपं गेलं, शेवटी अवघड, कारण आठातला एक काढणं वेगळं आणि दोनातला एक काढणं म्हणजे सरळ निम्मं. तिथे दोन-दोन महिने थांबलो, शेवटचा तुकडा तर मॅडमनी आणखी बारीक करायला लावला. एकूण वर्षाच्या वर गेलं. त्याच सांगत होत्या की इंग्लंडमधे न्यूकॅसलला हेदर अ‍ॅश्टन म्हणून डॉक्टर होत्या, 1982 ते 1994 बारा वर्षं फक्त या गोळ्या सोडवायचं क्लिनिक चालवलं, आणि त्यांचंही म्हणणं असायचं की वेग पेशंटच्या अंगाने ठरवायचा, कॅलेंडरने नाही.

तुझं माझ्यापेक्षा नाजूक आहे म्हणून जास्त काळजी वाटतेय. तुझी अल्प्राझोलाम त्याच जातीची, पण साधारण 11 तासातच निम्मी उतरते, तुला चार दिवस पण मिळणार नाहीत, दुसऱ्या सकाळीच सुरू होईल. आणि वर रात्री झोपेची झोल्पिडेम. दोन्ही एकदम कमी करायच्या नाहीत, आधी कुठली ते डॉक्टर ठरवतील, कधीकधी हळू उतरणाऱ्या गोळीवर नेऊन मग कमी करतात. माझे आकडे वाचून स्वतःचे तुकडे करत बसू नकोस हां. आणि शनिवारचे ते दोन पेग आजपासून नको, दारू त्याच जागी काम करते, गोळीबरोबर श्वास मंदावतो.

रात्रीचं सांगू? झोप आली नाही तर पलंगावर तळमळत पडायचं नाही, उठायचं, खुर्चीत बसायचं, घड्याळ उलटं ठेवायचं. कितीही वाईट रात्र गेली तरी सकाळी सहालाच उठायचं, दुपारी आडवं व्हायचं नाही. पहिले पंधरा दिवस मला या नियमाचा राग यायचा, पण झोप आली ती त्यानेच. अधेमधे चार दिवस छान जातील आणि पाचव्याला सगळं परत, तेव्हा घाबरून वाढवायचं नाही की हट्टाने कमी करायचं नाही, आहे त्या तुकड्यावर थांबायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा.

तर आता असं कर. डॉक्टरांना भेटेपर्यंत गोळ्या नेहमीसारख्याच घे. बुधवारची अपॉइंटमेंट घे, मी मंगळवारी कोयनेने येतो, रात्री तुझ्याकडेच राहीन, डॉक्टरांकडे बरोबर जाऊ. तोवर रात्री कितीही वाजता फोन कर, मी उशाशी चालूच ठेवलाय, आणि समजा मी उचलला नाही तर 14416 लाव, टेलिमानस म्हणून मानसिक त्रासासाठीची सरकारी लाइन आहे, मराठीत बोलतात. फिट आल्यासारखं वाटलं, बोलताना अडखळायला लागलास तर फोनबिन काही नाही, तुझ्या घरी वहिनींना उठव आणि सरळ हॉस्पिटल.

आणि स्ट्रिपा खरंच टाकल्या असतील तर आत्ताच सांग, लाजू नकोस, सकाळी उठून त्याची सोय आधी करू.

तुझा,
अव्या