पावतीसोबत लशीची सूचनाही द्यावी

महोदय,

पुढील महिन्यात मी आणि माझी मैत्रीण अडीच महिन्यांसाठी पाठीवर सॅक घेऊन युगांडा व केनियाच्या प्रवासाला निघत आहोत. तिकिटे काढून देणाऱ्या कार्यालयाने व्हिसा आणि विमा नीट समजावला. पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीबद्दल मात्र अवाक्षर काढले नाही. ही लस किमान १० दिवस आधी आणि सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि तिचे पिवळे प्रमाणपत्र जवळ नसेल, तर या देशांतून परतणाऱ्याला भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. आम्हाला हे योगायोगानेच वेळेत कळले. अशा देशांचे तिकीट देताना ही सूचना पावतीसोबत लेखी द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तयारीबद्दल आणखी एक: अशा प्रवासाला सोबतीने जाणाऱ्यांनी निघण्याआधी भरलेल्या सॅक घेऊन एकदा तरी आतकरवाडीतून सिंहगड चढून पाहावा. पहिल्याच रविवारी मैत्रिणीच्या खांद्यांवर पट्ट्यांचे लाल वळ उठले. कमरेचा पट्टा आवळल्यावर भार कमरेवर आला आणि तिची चाल सुधारली. घरी येताच आम्ही दोघींनी मिळून तीन किलो सामान काढून ठेवले.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे