नातवंडांना घेऊन लंडनमध्ये: कुंदाला पत्र

हॅरो, लंडन
6 जुलै 2025

प्रिय कुंदास,
अनेक आशीर्वाद.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तू येतेस. अजय आणि स्नेहा दोघंही कामावर, आणि पोरांची शाळा उघडणार थेट सप्टेंबरात. दोन नातवंडांना घेऊन या शहरात एकटीनं बाहेर कसं पडायचं, हा तुझा प्रश्न फोनवर उरकण्यातला नाही, म्हणून सविस्तर लिहिते. विमानात पुन्हा एकदा वाच.

एका दिवसात एकच ठिकाण, हे आधी मनाशी पक्कं कर. इथले आईबाप शनिवारी सकाळी एक म्युझियम, दुपारी दुसरं असा सपाटा लावतात आणि संध्याकाळी पोर स्टेशनात फतकल मारून बसतं. नील चार वर्षांचा. त्याचा दम फार तर अडीच तासांचा. म्हणून सव्वानऊला घर सोडायचं, साडेबारा-एकला डबा, आणि दोनच्या आत परतीची बस. चारनंतर ऑफिसं सुटू लागली की बस आणि ट्यूब, म्हणजे इथली भुयारी रेल्वे, दोन्ही तुडुंब भरतात.

पैशांचं बघ. बसमध्ये रोख पैसे 2014 पासून घेतच नाहीत. कार्ड यंत्राला टेकवायचं, झालं. सध्या एका वेळचे 1 पौंड 75 पेन्स, आणि पहिलं कार्ड टेकवल्यापासून एका तासात कितीही बस बदलल्या तरी पुन्हा पैसे कापत नाहीत. दिवसभर बसच बस केल्या तरी 5 पौंड 25 पेन्सच्या वर जात नाही. मात्र त्यासाठी दिवसभर तेच कार्ड वापरायला हवं. सकाळी कार्ड आणि दुपारी फोन टेकवलास तर यंत्राच्या लेखी ती दोन माणसं. आपल्या सांगलीच्या बँकेचं कार्ड वापरणार असशील तर परदेशातला वापर आणि 'टॅप' असे दोन्ही पर्याय चालू करून ये. तरी दर वेळी परकीय चलनाचा आकार लागतोच, त्यापेक्षा अजयकडून ऑयस्टर कार्ड, म्हणजे बस-ट्यूबचं आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड, भरून घे. साठीच्या वरचा फुकट पास लंडनच्या रहिवाशांना असतो, व्हिजिटर व्हिसावर तो मिळत नाही. पोरांची चिंता नाही. अकरा वर्षांखालची मुलं बसमध्ये फुकट, आणि ट्यूबमध्ये एका तिकीटवाल्या माणसाबरोबर चार मुलांपर्यंत फुकट. तिथे अरुंद दारातून जाऊ नकोस. बाजूचं रुंद दार असतं, त्यातून दोघांना पुढे घालून तू मागून जा.

बसमध्ये कार्ड चढताना एकदाच, उतरताना नाही. ट्यूबला आत शिरताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा. बाहेरचं विसरलं की सगळ्यात मोठं भाडं कापून घेतात.

तुमच्या पटनीहून म्युझियमला जायला 74 नंबरची बस धर. ती क्रॉमवेल रोडवर जवळजवळ दारातच सोडते, पाऊण तास धर. ट्यूबनं कदाचित लवकर पोचशील, पण साउथ केन्सिंग्टन स्टेशनात जिने आहेत, आणि पोरांना बसच्या वरच्या मजल्यावरची सगळ्यात पुढची सीट हवी असते. माझ्या मते अर्धी सहल तिथेच होते. वर चढताना एक गोष्ट सांभाळ: तुम्ही जिन्यात असतानाच बस सुटते. नील पुढे, तू त्याच्या मागे, मोठी ईरा दांडा धरून शेवटी. उतरायच्या आधीच्या थांब्यावर बस उभी राहिली की खाली यायचं, घंटी तिथून दाबायची. चालत्या बसमध्ये पोराला कडेवर घेऊन जिना उतरायचा नाही. बाबागाडी नेलीस तर वरचा मजला विसर. ती मधल्या दारापाशी उभी करावी लागते, आणि व्हीलचेअरवालं कोणी आलं की घडी करून जागा द्यावी लागते. चार वर्षांच्या पोराला ती लागूही नये.

नॅचरल हिस्टरी म्युझियम दहाला उघडतं. प्रवेश फुकट, पण वेळ ठरवून तिकीट ऑनलाइन काढायचं. सुट्टीत त्याशिवाय लांबच लांब रांग. मोठ्या दालनात छताला निळ्या देवमाशाचा खराखुरा सांगाडा टांगलाय, 25.2 मीटर लांब. 2017 पासून तो तिथे आहे, नाव 'होप'. त्याच्याखाली ईराला शेपटीपासून डोक्यापर्यंत पावलं मोजायला लाव, नुसतं 'बघ केवढा' म्हणण्यानं मुलांना काही कळत नाही. डायनासोर आत शिरल्या शिरल्या करून टाक, अकरानंतर तिथे मुंगीच्या पावलांनी सरकावं लागतं. तिथला टी-रेक्स यंत्राचा आहे, मान हलवतो आणि डरकाळी फोडतो, भोवती अंधार असतो. चार वर्षांची पुष्कळ मुलं तिथे भोकाड पसरतात. घरून निघतानाच सांगून ठेव की आत मोटर आहे. तरी घाबरला तर ओढून नेऊ नकोस, मागे फिर.

शेजारचं सायन्स म्युझियम दुसऱ्या दिवसासाठी. तळघरात 'द गार्डन' म्हणून तीन ते सहा वर्षांच्या मुलांची पाण्याशी खेळायची जागा आहे. तिथे ॲप्रन असतात, पण बाह्या कोपरापर्यंत भिजतात आणि ओला शर्ट घालून बाहेरच्या वाऱ्यात आलं की पोर कुडकुडतं. पिशवीत एक जादा शर्ट, एक पँट, मोज्यांचा जोड आणि ओलं घालायला प्लॅस्टिकची पिशवी असू दे. ईरा सात वर्षांची, तिथे कंटाळेल, म्हणून हा दिवस एकट्या नीलचा.

हे मुद्दाम सांगते. दोघांना कायम एकत्र नेऊ नकोस. अजय घरून काम करेल त्या दिवशी एकाला घरी ठेव आणि दुसऱ्याला एकट्याला बाहेर ने. लहानग्याबरोबर मोठी सतत थांबत असते, तिला आजी पूर्ण अशी मिळतच नाही.

ईराच्या दिवसासाठी ग्रिनिच. पटनी ब्रिजहून डिस्ट्रिक्ट लाइननं मॉन्युमेंट. सगळ्या गाड्या तिकडे जात नाहीत, पाटी वाचूनच चढ. मॉन्युमेंटमधून आतल्या आतच बँक स्टेशनला जाता येतं आणि तिथून डीएलआर नावाची छोटी रेल्वे सुटते. या गाडीला पुढे ड्रायव्हरची केबिन नाही, 1987 पासून ती अशीच चालते. त्यामुळे सगळ्यात पुढच्या सीटवर पोर बसलं की रूळ थेट समोर. बँकला गाडी रिकामी येते, म्हणून तिथूनच बसायचं. पुढची जागा गेली असेल तर एक गाडी सोडून दे. डीएलआरच्या बऱ्याच स्टेशनांना दारंच नाहीत, नुसता यंत्राचा खांब उभा असतो. कार्ड टेकवायचं राहून जातं ते हमखास इथेच.

लुइशमच्या गाडीनं आयलंड गार्डन्सला उतर. तिथून टेम्सच्या खालून चालत जायचा बोगदा आहे, 1902 सालचा, 370 मीटर लांब. दोन्ही टोकांना लिफ्ट आहे, पण ती अधूनमधून बंद असते आणि मग शंभरेक पायऱ्यांचा गोल जिना. तुझ्या गुडघ्यांना उतरणं झेपेल, चढणं अवघड जाईल. निघण्याआधी लिफ्ट चालू आहे का ते अजयला फोनवर बघायला सांग. बंद असेल तर गाडीतून उतरूच नका. तीच गाडी नदीच्या खालून पुढच्या कटी सार्क स्टेशनला जाते. बोगद्यात सायकल चालवायला बंदी आहे, तरी लोक चालवतात. मुलीला भिंतीच्या बाजूला ठेव.

पलीकडे बागेतून टेकडी चढून वेधशाळा. चढ खडा आहे, अर्धा तास हाताशी ठेव. वेधशाळेच्या एका मनोऱ्यावर लाल गोळा आहे. 12 वाजून 55 मिनिटांनी तो अर्ध्यावर चढतो, 12:58 ला टोकाला जातो आणि बरोबर एकला खाली पडतो. नदीतल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून 1833 साली हे सुरू झालं. हे बाहेरून फुकट दिसतं. आत जाऊन शून्य रेखावृत्ताच्या पट्टीवर उभं राहायला तिकीट आहे, पण तीच रेषा कुंपणाबाहेरच्या पायवाटेवरही दाखवलीय, तिथे एक पाय पूर्वेला नि एक पश्चिमेला ठेवून फोटो काढ. जोराचा वारा असेल तर गोळा चढवत नाहीत, तशा दिवशी जाऊ नका. गोळा पडला की तिच्या आजोबांना, भाऊंना, फोन लावू दे ईराला. ऑगस्टात तेव्हा सांगलीत साडेपाच वाजलेले असतील, 26 ऑक्टोबरला इथली घड्याळं मागे गेली की साडेसहा. हा फरक का, ते आजोबांनी समजावायचं.

नीलला जनावरं आवडतात ना? आयलंड गार्डन्सच्या आधीचं स्टेशन मडशूट. तिथे शहराच्या मधोमध शेत आहे, गाढवं, शेळ्या, डुकरं, लामा, सगळं फुकट. जनावरांना हात लावल्यावर खाण्याआधी साबण-पाण्यानंच हात धुवायचे, नुसती जेल चोळून तिथले जंतू मरत नाहीत. बोटं तोंडात घालणाऱ्या पोरांवर बारीक नजर हवी.

पैसे आणि प्रवास दोन्ही नको असतील त्या दिवशी ब्लॅकबेरी. ऑगस्टच्या मध्यापासून टेम्सच्या काठच्या पायवाटेवर काटेरी जाळ्या लगडलेल्या असतात, आपल्या करवंदांसारख्याच. पूर्ण काळी झालेली आणि नुसता हात लावताच सुटणारीच घ्यायची. ओढावी लागली तर आंबट. गुडघ्याखालची सोडून द्यायची, तिथे कुत्री पाय वर करतात. हातभर बाह्यांचा शर्ट नि लांब पँट घाला, कारण जाळीत नेटल नावाची खाजरी पानं असतात आणि पोरं रडून रडून हैराण होतात. घरी आणल्यावर मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेव, आतल्या बारीक अळ्या वर येतात. अर्धा किलो फळ, चारशे ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस, एवढ्यात एक बाटली मुरंबा होतो. थंड बशीवर थेंब टाकून बोटानं सारल्यावर सुरकुती पडली की गॅस बंद. रिचमंड पार्कात मात्र काहीही तोडायचं नाही, तिथे मनाई आहे. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथली हरणं माजावर असतात, पन्नास मीटर लांब राहायचं.

त्याच सुमारास रस्त्याकडेला कॉन्कर पडतात, तुकतुकीत तपकिरी बिया. गोळा करून खेळायला उत्तम, खायला विषारी. खायचं चेस्टनट वेगळं: त्याचं कवच केसाळ काट्यांनी गच्च भरलेलं असतं आणि बीला टोक असतं. कॉन्करच्या कवचावर मोजके जाड काटे, बी गुळगुळीत. नीलच्या खिशावर लक्ष ठेव.

डब्यात दशम्या घाल. वाटीभर कणीक, चमचाभर तेल, मीठ आणि मावेल तेवढं दूध. पाण्यात मळलेली पोळी चार तासांत चामड होते, दशमी मऊ राहते. दोघांना मिळून चार पुरतात. आत गूळ-तूप किंवा चीज. चिवडा नको, सांडतो. शेंगदाण्याचा लाडू स्वतःच्या पोरांना दे, पण बागेत शेजारच्या मुलाच्या हातावर ठेवू नकोस. इथे दाण्याची ॲलर्जी असलेली मुलं पुष्कळ, प्रेमानं दिलेल्या लाडवानं ॲम्ब्युलन्स येते. दोन्ही म्युझियममध्ये घरचा डबा खायला जागा आहे.

बाथरूम: कुठेही पोचलात की आधी तिथे, मग बाकीचं. म्युझियमची फुकट, वॉटर्लूसारख्या मोठ्या रेल्वे स्टेशनांवरची 2019 पासून फुकट. ट्यूबच्या बऱ्याचशा स्टेशनांवर नसतातच.

छत्री घरी ठेव, दोन्ही हात मोकळे हवेत. टोपीचं रेनकोट-जॅकेट घे. साडी नेसणार असशील तर काठ घोट्याच्या वर घेऊन पिन लाव, सरकत्या जिन्याच्या फटीत काठ अडकतो. जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांची.

एक नियम घर सोडण्यापूर्वी दोघांकडून म्हणून घे. ट्यूबचं दार बंद होऊन चुकामूक झाली तर जो गाडीत राहिला त्यानं पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच थांबायचं. जो फलाटावर राहिला त्यानं हलायचं नाही. अजयचा नंबर चिठ्ठीवर लिहून दोघांच्या आतल्या खिशात घाल, नीलच्या मनगटावर पेननंही लिही. त्याचा हात तर फलाटावर सोडायचाच नाही.

येताना पेढे, तूप, खवा काही आणू नकोस, भारतातून दुधाचे पदार्थ आणायला इथे बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. तासगावचे बेदाणे मात्र किलोभर आण. बसमध्ये कुरकुर सुरू झाली की पुढचा थांबा येईपर्यंत चार-चार दाणे पुरतात. स्टीलचे घट्ट झाकणाचे दोन छोटे डबेही टाक.

भाऊंना नमस्कार. तिकडच्या मुलांना आशीर्वाद.

तुझी,
ताई