तापकीर गल्लीतल्या काकांना

ती. काकांना,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

दिवाळीनंतर तापकीर गल्लीत आले तर तुमच्या दुकानाचं शटर खाली होतं. शेजारचे वायरवाले म्हणाले, "काकांनी आवरलं आता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मुलाकडे चिंचवडला असतात." मी तिथेच पाच मिनिटं उभी राहिले. हातातल्या पिशवीत तुम्हाला ऐकवायला आणलेली रेकॉर्ड होती. डोळ्यांना त्रास देऊ नका, हे पत्र नातवाकडून वाचून घ्या. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमच्या त्या सहा बाय आठच्या दुकानात माझ्यासारखे पुष्कळ जण येऊन बसत. त्यांतल्या कुणाच्या नजरेस पडलं तर त्यांनाही बरं वाटेल.

तुम्हाला आठवत असेल, जून २०१९ मध्ये मी बाबांचा एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर घेऊन आले होते. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. माळ्यावर फिएस्टा आणि ६२ रेकॉर्डी निघाल्या. घरात सगळ्यांचं म्हणणं होतं की भंगारवाल्याला देऊन टाकू. बाहेर पाऊस कोसळत होता आणि मी प्लेअर प्लास्टिकच्या टेबलक्लॉथमध्ये गुंडाळून आणला होता. तुम्ही तो उघडलात, आतल्या रबराला बोट लावलंत. रबर वितळून चिकट झालं होतं, बोटाबरोबर काळी तार निघाली. "मशीन चांगलं आहे. नुसतं बसून खराब झालंय," एवढंच म्हणालात.

आठवड्याने घ्यायला आले. तुम्ही चकतीच्या कडेला पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवलात, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंत आणि म्हणालात, "मॅडम, मोजा. तीन मिनिटांत शंभर भरले पाहिजेत." मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे, म्हणून तीन मिनिटांत बरोबर शंभर. मी मोजले, चौऱ्याण्णव भरले. तुम्ही कापसाला स्पिरिट लावून मोटारीचा दांडा पुन्हा पुसलात, रबर पुन्हा बसवलंत. अठ्ठ्याण्णव. परत पुसलंत. चौथ्या खेपेला शंभर भरले तेव्हा घड्याळ हातावर चढवलंत. गिऱ्हाईक ताटकळलंय म्हणून अठ्ठ्याण्णवावर सोडून देता आलं असतं. "वेग चुकला की सूर चुकतो. मग गाणाऱ्याने आयुष्यभर केलेल्या मेहनतीचं काय?" हे तुमचं वाक्य मी त्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

लावून बघायला म्हणून मी बाबांच्या पेटीतली किशोरीताई आमोणकरांची रेकॉर्ड आणली होती, एका बाजूला राग बागेश्री, दुसऱ्या बाजूला भूप. ती लावण्याआधी तुम्ही ट्यूबलाइटखाली तिरकी धरलीत आणि मला जवळ बोलावलंत. भुपाच्या बाजूला कडेकडच्या रेघा काळ्याभोर, चकचकीत होत्या. आत, लेबलाच्या अलीकडे, दोन बोटं रुंदीचा पट्टा राखाडी पडला होता. "इथे सुई पुन्हा पुन्हा ठेवलीय कुणीतरी," तुम्ही म्हणालात. मग रेकॉर्ड लावलीत. आधी विलंबित 'प्रथम सुर साधे' स्वच्छ वाजलं, आणि 'सहेला रे' सुरू झालं तशी खरखर आली. बाबा त्या ओळीसाठी सुई परत परत मागे नेत होते. माझ्या बाबांना गाणं आवडायचं हे मला माहीत होतं. कुठलं, कुठे, किती आवडायचं हे मला त्या राखाडी पट्ट्याने सांगितलं. मी तुमच्यासमोर रडले. तुम्ही काही बोलला नाहीत, रेकॉर्ड संपेपर्यंत समोरच्या रेडिओचे स्क्रू लावत बसलात. त्या वीस मिनिटांसाठी तुमचे आभार मानायचे राहिले होते, ते आज मानते.

निघताना तुम्ही अट घातलीत. एका वेळी एक बाजू ऐकायची, मध्ये सुई उचलायची नाही. ऐकून झालं की काय वाटलं ते वहीत लिहायचं, आणि पुढच्या वेळी येताना वही आणायची. "चांगली आहे, असं लिहून आणू नका. चांगली कशी आहे ते लिहा. नाही आवडली तर का नाही, ते लिहा."

काका, तुम्हाला ठाऊक नव्हतं, पण तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतंत. दहा वर्षांची असताना मला गाण्याच्या एका क्लासला घातलं होतं. तीन महिन्यांनी तिथे आईला सांगितलं गेलं, "हिला कान नाही. पैसे वाया घालवू नका." मी दाराबाहेर चपला घालत होते, मला ऐकू आलं. त्यानंतर पुण्यासारख्या गावात, जिथे डिसेंबर आला की घराघरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या तिकिटांची चर्चा, तिथे मी चाळीस वर्षं गाण्यावर एक शब्द बोलले नाही. कुणी विचारलं की "मला त्यातलं काही कळत नाही" म्हणायचे. आवडलं, असंसुद्धा म्हणायची भीती वाटायची. चुकीच्या जागी आवडलं तर?

म्हणून पहिली वही आणताना हात गार पडले होते. त्यात मी 'कॉल ऑफ द व्हॅली'बद्दल लिहिलं होतं, १९६७ ची, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची. सगळे संतूर आणि बासरीचं कौतुक करतात. मी लिहिलं होतं की मला त्यात काबरांची गिटार सगळ्यांत जवळची वाटते. मांडीवर आडवी ठेवून, तारेवरून पट्टी सरकवत ते वाजवतात, त्यामुळे दोन सुरांच्या मधला रस्ता ऐकू येतो. संतुराचे सूर टपटप सुटे पडतात. आणि त्या रेकॉर्डमागे मेंढपाळाच्या दिवसाची जी गोष्ट आहे ती नसती तरी माझं काही अडलं नसतं, अहिरभैरव आपली पहाट स्वतः घेऊन येतो. तुम्ही चष्मा कपाळावर नेऊन दोनदा वाचलंत. "मींड. तुम्ही म्हणता त्याला मींड म्हणतात," म्हणालात. मला शब्द मिळाला. ऐकलेलं माझंच होतं.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला मी 'राम श्याम गुणगान' आणली, १९८५ ची, लताबाई आणि भीमसेनजी एकत्र, संगीत श्रीनिवास खळ्यांचं. मी लिहिलं होतं की ही मला भिडत नाही. दोन्ही आवाज थोर आहेत, पण वाद्यमेळ इतका गोड आहे की भीमसेनजींच्या आवाजातला खडबडीतपणा, ज्यासाठी मी त्यांच्याकडे जाते, तो झाकला जातो. पुण्यात बसून भीमसेनजींच्या रेकॉर्डबद्दल असं लिहायचं म्हणजे छाती धडधडत होती. तुम्हाला ती रेकॉर्ड प्राणप्रिय होती, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी तुम्ही फक्त विचारलंत, "कुठे झाकला जातो, दाखव." त्या दिवसापासून मी 'अगं' झाले. आपण अर्धा तास त्या बाजूवर बसलो. तुम्ही तुमचं मत सोडलं नाहीत, मीही माझं सोडलं नाही, आणि तुम्ही चहा मागवलात. मतभेद झाल्यावर कुणी चहा मागवतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आता त्या बुधवारबद्दल लिहिते. जुन्या बाजारातून तुम्ही माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' आणली होती, १९५९ ची जॅझची रेकॉर्ड, परदेशी छपाईची जुनी प्रत. जॅझ मी कधी ऐकलं नव्हतं. पहिलंच वादन सुरू झालं आणि मला ते अनोळखी वाटलंच नाही. गांधार कोमल, निषाद कोमल, बाकी शुद्ध: आपल्या काफी थाटाचेच सूर. मध्ये चार-चार मात्रांच्या आठ आवर्तनांएवढा काळ सगळा डोलारा अर्ध्या सुराने वर सरकतो आणि परत खाली येतो, तेवढंच वेगळं. तुतारीसारख्या वाद्यात इतका संथ, विचार करत थांबणारा सूर असू शकतो, हे मला माहीत नव्हतं. एका सुरानंतर माइल्स जेवढा वेळ गप्प राहतो, त्या गप्प राहण्यावर मी त्या रात्री वहीत दोन पानं लिहिली.

पुढच्या बुधवारी मी तुम्हाला म्हटलं, घरी फोनवर हेच ऐकलं, पण ते जरासं खाली वाटलं, बसकं. तुम्ही लगेच काही बोलला नाहीत. टेबलावर कुणाचा तरी इलेक्ट्रॉनिक तानपुरा दुरुस्तीला आला होता. तो तुम्ही पांढरी दोनवर, म्हणजे हार्मोनियमच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुरावर लावलात. माझा फोन लावला: सूर तानपुऱ्यात मिसळला. रेकॉर्ड लावलीत: सूर वर चढून टोचायला लागला. मग प्लेअरचा वेग पुन्हा मोजलात, शंभर. रेकॉर्ड उलटून दुसरी बाजू लावलीत, तानपुरा पांढरी पाचवर नेलात, आणि तिथे फोन आणि रेकॉर्ड दोन्ही जुळले. म्हणजे दोष मशीनचा नव्हता, माझाही नव्हता. मग सांगितलंत की पहिल्या बाजूचं ध्वनिमुद्रण २ मार्चला झालं, त्या दिवशी टेपचं यंत्र जरा हळू फिरत होतं. टेप बरोबर वेगाने वाजवली की सूर चढा येतो. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती ठीक. तीस वर्षांहून जास्त काळ जगाने ती बाजू चढ्या सुरात ऐकली, १९९२ मध्ये नव्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली.

"मला हे वाचून कळलं होतं," तुम्ही म्हणालात. "तुला ऐकून कळलं."

काका, कान नाही म्हणून ज्या मुलीचं नाव क्लासमधून काढलं होतं, तिला तुम्ही त्या दिवशी तिचा कान परत दिलात. त्या संध्याकाळी अप्पा बळवंत चौकापासून कोथरूडपर्यंत मी चालत आले. रिक्षात बसावंसंच वाटेना.

मग आपण किती ऐकलं! पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडची १९७३ ची 'द डार्क साइड ऑफ द मून' मी आणली. तुम्हाला तो सगळा गलका वाटला आणि ते तुम्ही स्पष्ट सांगितलंत. मी तुम्हाला गल्ल्याच्या आवाजावर बांधलेलं गाणं मोजायला लावलं. सात मात्रा, तुमच्या रूपक तालाएवढ्या. गिटारची वेळ आली की सात सोडून चारावर येतात, ती जागा तुम्ही टेबलावर बोटांनी पकडलीत आणि हसलात. पण तुम्हाला खरं धरून ठेवलं त्या शब्दांवाचून गाणाऱ्या बाईने. त्या बाईला, क्लेअर टॉरीला, त्या गाण्याचे ३० पौंड मिळाले होते, आणि त्या रचनेत तिचं नाव लागायला २००५ उजाडलं, तेही कोर्टात गेल्यावर. हे सांगितलं तेव्हा तुम्ही ताडकन म्हणालात, "कारागिराचं नाव आधी लिहावं." माझं मत आजही आहे की त्या रेकॉर्डची पहिली बाजू तिच्यामुळे उभी आहे.

टाळेबंदीत दुकान बंद, तर दर रविवारी पाच वाजता आपापल्या घरी एकच ऐकायचं आणि सहाला फोन करायचा, असं ठरलं. तेव्हा पियानोवादक ग्लेन गूल्डने वाजवलेलं बाखचं 'गोल्डबर्ग' आपण लागोपाठ दोन रविवार ऐकलं. एक त्याने १९५५ मध्ये बाविसाव्या वर्षी वाजवलेलं, सुमारे ३८ मिनिटांचं. दुसरं १९८१ चं, ५१ मिनिटांचं. काही मिनिटं आवर्तनं पुन्हा घेतल्यामुळे वाढली, पण पहिल्याच चालीचा संथपणा निराळा आहे, विलंबितासारखा. वाजवता वाजवता तो गुणगुणतो तेही ऐकू येतं. तुम्हाला तरुणपणीचं आवडलं. मला दुसरं, आणि त्याचं कारण फोनवर नीट सांगता आलं नव्हतं, ते आता सांगते: पहिल्यात तो किती वाजवू शकतो ते कळतं, दुसऱ्यात तो काय ऐकतोय ते कळतं. ते बाहेर आल्यावर थोड्याच दिवसांत, ऑक्टोबर १९८२ मध्ये तो गेला, जेमतेम पन्नाशीचा. ही दोन्ही ध्वनिमुद्रणं न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरच्या, पूर्वी चर्च असलेल्या त्याच स्टुडिओतली, जिथे आपली 'काइंड ऑफ ब्लू' झाली. हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा तुम्हालाच फोन करावासा वाटला, पण रात्रीचे साडेअकरा झाले होते.

माझ्या आता चार वह्या भरल्यात. मुलगी विचारते, "आई, हे कसं आहे?" आणि मी उत्तर देते. ती माझ्याशी भांडते. तिला 'गारवा' हा गाण्यांचा अल्बम आवडतो, मला त्यातल्या कवितांनंतर गाणं यायला उशीर होतो असं वाटतं, आणि आम्ही दोघी त्यावर जेवण थंड होईपर्यंत बोलतो.

एक काम आहे. काल फिएस्टा मोजला, तीन मिनिटांत सत्त्याण्णवच भरले. किशोरीताईंचा भूप त्यामुळे उतरलाय, मला सहन होत नाही. येत्या रविवारी चारच्या सुमारास चिंचवडला येते, प्लेअर आणि ती रेकॉर्ड घेऊन. तुम्ही डोळ्यांना ताण द्यायचा नाही. स्पिरिट आणि कापूस मी आणते, दांडा मी पुसते. तुम्ही फक्त घड्याळ धरा.

आपली,
फिएस्टा, कोथरूड
(तुमच्या पावतीपुस्तकात माझं नाव असंच लिहिलेलं आहे)