दुखणं परत आलं आणि मी खूश झालो

प्रिय दोस्ता,

इतके महिने पत्र नाही, हे मान्य. फोन केला असता तर तू ‘कसा आहेस’ विचारलं असतंस, मी ‘मजेत’ म्हटलं असतं आणि तुला लगेच कळलं असतं. म्हणून तोही टाळला. आई बरी आहे, दादाची शुगर आटोक्यात आहे. झालं.

आता माझी जांघ. चारचौघांत कुणी ‘कुठे दुखतं’ विचारलं की मी कमरेवर हात ठेवायचो, दुसरीकडे ठेवणार कसा? तू तर न बघताच मुतखडा ठरवून मोकळा झालास. सोनोग्राफीत खडा निघाला नाही, हे इथे लेखी देतोय. हर्नियाही नाही. कमरेतली वरची नस दबली तरी कळ जांघेत उतरते म्हणून मणक्याचा एमआरआय केला, तोही साफ. एक्स-रे नॉर्मल. नॉर्मल रिपोर्टांची फाइल जाड होत गेली आणि घरच्यांच्या नजरेत मी बारीक होत गेलो. ‘बसून बसून होतं’, ‘विचार कमी कर’. तुझ्या डोकेदुखीच्या वेळी तू हेच ऐकलंयस, म्हणून हे सगळं तुला.

या वेळच्या डॉक्टरांनी फाइल बाजूला सारली. म्हणाले, बोलू नका, हाताने दाखवा. मी अंगठा मागे आणि बोटं पुढे जांघेत, असा खुबा पंजात धरला. सांध्याच्या आतून दुखणारी माणसं पुष्कळदा असाच हात धरतात म्हणे, इंग्रजी ‘सी’ काढल्यासारखा. मग उताणं झोपवून गुडघा छातीकडे आणला आणि आत वळवला. मी असा ओरडलो की बाहेरचे दोन पेशंट बरे होऊन घरी गेले असतील.

मांडीच्या हाडाचा गोळा मानेला मिळतो तिथे माझं हाड फुगीर आहे. वाकलो, बसलो की ते खोबणीच्या काठावर आपटतं. गांझ नावाच्या स्विस सर्जनच्या गटाने २००३ साली मांडलं की असं घासून घासून सांधा झिजू शकतो. खुब्याच्या एमआरआयमध्ये काठाची कूर्चा, लॅब्रम म्हणतात ती, फाटलेली दिसली. सापडलं, असं मी म्हणणार तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, थांबा, काहीच दुखत नसलेल्या कितीतरी लोकांचीही फाटलेली दिसते.

मग सोनोग्राफीवर बघत त्यांनी सांध्यात भुलीचं औषध सोडलं. दुखणं गेलं तर उगम सांध्यात, नाही गेलं तर दुसरीकडे शोधायचं.

आणि ते गेलं रे! मी उभ्याउभ्या मोजा घातला. उगाच जिना चढलो, उतरलो, परत चढलो. संध्याकाळी औषध उतरलं, कळ आली, नेमकी त्याच जागी, आणि मला हसू फुटलं. बायकोने असं पाहिलं की आता डोक्याचाही एमआरआय निघणार. तिला काय सांगू? इतके दिवस मलाही वाटायला लागलं होतं की हे सगळं मीच रचतोय.

पण त्या रात्रीपासून दुसराच घोर लागलाय. दुर्बिणीने हाड तासून कूर्चा शिवून घ्यायची, की व्यायाम करत राहायचं? ‘लॅन्सेट’मध्ये २०१८ साली ३४८ रुग्णांची चाचणी छापून आलीय. वर्षभराने दोन्हीकडचे सुधारले, ऑपरेशनवाले थोडे जास्त. त्या ‘थोडे’साठी भूल आणि कुबड्या? बरं, थांबलो आणि तोवर आतली गादी झिजली तर? आणि कापूनही दुखत राहिलं तर? मग ‘मनाचे खेळ’वाल्यांना रानच मोकळं. डॉक्टर म्हणतात, आधी काही महिने फिजिओ. मला पटतंय, फक्त दिवसा. रात्री कूस बदलली की पटायचं थांबतं.

तू म्हणशील, याला कधी ठरवताच आलं नाही, म्हणून फायनलमध्ये रनआउट झाला. दुसरी धाव तू मागितलीस! मी क्रीजमध्ये उभा होतो. अजून सांगतो, कॉल तुझा होता.

नवीन नोकरीचं कळलं, अभिनंदन. वहिनींचा हात प्लास्टरमधून निघाला का? धाकटीने शेवटी कोणती साइड घेतली?

फिजिओ सोमवारपासून. तुझ्या ऑफिसातल्या त्या गृहस्थांनी खुब्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन करून घेतलं होतं ना? त्यांना विचार, खाली वाकून बुटाची नाडी बांधता येते का, आणि किती महिन्यांनी यायला लागली. रात्री उशिरा फोन केलास तरी चालेल, मी जागाच असतो.

तुझाच,
लंगडा ओपनर