भिजलो तरी चालेल, झाडाखाली नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीज पडून मृत्यू झाल्याची बातमी बहुधा चार-पाच ओळींत आटोपते. त्यात एक वाक्य हमखास असते : 'पाऊस आल्याने ते झाडाखाली थांबले होते.' माझे म्हणणे या वाक्याबद्दल आहे. माणसे पाऊस चुकवायला जातात आणि विजेच्या तोंडी सापडतात. झाड, उघडी शेड, तंबू यांच्याखाली अंग कोरडे राहील, पण विजेपासून बचाव होणार नाही.

झाडावर वीज पडली की आतल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते आणि खोडाची साल फाटून उडते. खोडाजवळ माणूस उभा असेल तर प्रवाह खोड सोडून त्याच्या अंगावर झेप घेतो. उरलेला मुळांवाटे जमिनीत पसरतो. तिथे दोन पावलांखालच्या जमिनीतल्या विजेच्या दाबात (व्होल्टेजमध्ये) फरक पडतो आणि प्रवाह एका पायाने चढून दुसऱ्याने उतरतो. गुराढोरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून ती जास्त दगावतात. नॉर्वेतल्या हार्डांगरविडा पठारावर ऑगस्ट 2016 मध्ये विजेने एकदम 323 रेनडिअर मेले. प्रत्येकावर वेगळी वीज पडली असेल, हे शक्यच नाही.

दुसरी घातक समजूत म्हणजे पाऊस नाही तोवर भीती नाही. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागले की अंतर साधारण किलोमीटरमध्ये कळते. पण 'अजून आठ किलोमीटर लांब आहे' म्हणून हातातले काम रेटण्यात अर्थ नाही, कारण पुढची वीज तेवढे अंतर सहज ओलांडते. ढगाचा गडगडाट कानावर आला म्हणजे आपण तिच्या टप्प्यात आहोत. पाऊस ओसरल्यावरही शेवटच्या गडगडाटानंतर निदान 30 मिनिटे आतच थांबावे. राहिलेले काम उरकायला लगेच बाहेर पडणाऱ्यांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

आत म्हणजे पक्क्या इमारतीत, नाहीतर काचा वर केलेल्या, पत्र्याच्या टपाच्या मोटारीत. मोटारीत आपण वाचतो ते तिच्या धातूच्या सांगाड्यामुळे. टायरच्या रबराचा त्यात काही वाटा नाही. त्यामुळे दुचाकीवर किंवा रबरी चपलांवर भिस्त ठेवू नये. घरातही तेवढ्या वेळात नळाखाली अंघोळ, भांडी नकोत, आणि प्लगला लावलेल्या वस्तूंना हात नको. मोबाइल वीज खेचतो हे मात्र खरे नाही. चार्जिंगला लावलेला नसेल तर तो खुशाल वापरावा, मदत बोलावायला तोच लागतो.

उघड्यावर अडकलेच तर पूर्णपणे सुरक्षित अशी जागा नसते, हे स्पष्ट सांगायला हवे. उंचवटा, पाणी आणि एकटे झाड सोडून पक्क्या आसऱ्याकडे चालत राहायचे. घोळक्याने नाही, एकमेकांत अंतर ठेवून. जमिनीवर आडवे पडू नये.

आणि ज्याला वीज लागली आहे त्याच्या अंगात वीज उरत नाही. त्याला हात लावायला लोक कचरतात, आणि मोलाची मिनिटे निघून जातात. विजेच्या धक्क्याने हृदय आणि श्वास दोन्ही थांबू शकतात. हृदय कधी कधी आपणहून पुन्हा चालू होते, श्वास मात्र बंदच राहतो, आणि त्याअभावी ते पुन्हा थांबते. म्हणून लगेच छातीवर मिनिटाला 100 ते 120 या गतीने दाब द्यावा, येत असेल तर तोंडाने श्वासही द्यावा. एका वेळी अनेक जण पडले असतील तर विव्हळणाऱ्यांच्या आधी निपचित पडलेल्यांकडे धावावे. विव्हळणाऱ्याचा श्वास चालू असतो.

माझी विनंती एवढीच, की वीज पडल्याच्या प्रत्येक बातमीखाली 'झाडाखाली थांबू नका' आणि 'जखमीला हात लावणे सुरक्षित आहे' या दोन ओळी ठळक अक्षरांत छापाव्यात. वादळी पावसाचा इशारा छापताना त्याच्याशेजारीही त्या असाव्यात.

आपला,
एक नियमित वाचक