गॅसला वाट ठेवणारी माणसं कोल्हापुरात आहेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शिरोली एमआयडीसीत मी 31 वर्षं फाउंड्रीचं कोअर शॉप (कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, बनवतात तो विभाग) सांभाळलं. माझा भाचा मटेरियल सायन्समध्ये संशोधन करतो. गेल्या महिन्यात त्यानं बोटाच्या पेराएवढा, काळा, काचेसारखा चकाकणारा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मधोमध केसासारखी चीर. "मामा, भट्टीत घातला तवा चांगला होता. का फुटतोय कळंना."

मी विचारलं, "लेका, गॅसला वाट कुठं ठेवलीस?"

कोअरमधलं रेझिन, म्हणजे वाळू धरून ठेवणारा चिकट पदार्थ, तापलं की गॅस सुटतो. त्याला व्हेंट, म्हणजे बाहेर पडायला वाट, नसेल तर कास्टिंगमध्ये ब्लो होल (गॅसचं भोक) ठरलेला. भाच्याचा तुकडा पॉलिसिलाझेन या सिलिकॉन-नायट्रोजनच्या पातळ पॉलिमरपासून केलेला. त्याचंही तेच. दोनशे-अडीचशे अंशांवर ते घट्ट होतं. पुढं हजार अंशांपर्यंत नेताना हायड्रोजन, मिथेन बाहेर पडतात, तुकडा आकसतो आणि सिलिकॉन, कार्बन, नायट्रोजनचं सिरॅमिक उरतं. हे सगळं आर्गॉन किंवा नायट्रोजनमध्येच करायचं, आणि भट्टी चढवायची ती अगदी सावकाश.

एवढा खटाटोप कशासाठी? सिलिकॉन कार्बाइडची भुकटी भाजून घट्ट करायला दोन हजार अंशांच्या आसपास जावं लागतं. इथं माल पातळ असतानाच साच्यात ओतता येतो, त्याचा धागा ओढता येतो. जपानच्या सेइशी याजिमांनी 1975 साली सिलिकॉन कार्बाइडचा धागा असाच काढला. तशा धाग्यांचे भाग आज विमानांच्या इंजिनात आहेत. हाफ्नियम या धातूचं संयुग त्या द्रवातच मिसळलं, तर पुढं त्याचे नॅनोमीटरभर कण सगळीकडे सारखे पसरतात. भुकटीत भुकटी कालवून ते होत नाही, गोळे होतात.

आमच्याकडं हीट ट्रीटमेंटचे ट्रे पापुद्रे सुटून झिजतात. स्टीलवर पॉलिसिलाझेनचा लेप बसतो आणि थर पातळ असल्यानं गॅसही सुखानं निघतो. सुरुवात इथून करावी असं मला मनापासून वाटतं. पण आर्गॉनच्या भट्टीसाठी पोराला महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई गाठावी लागते. दोनदा नंबर न लागता तसाच परतला, तेव्हा त्याचं तोंड बघवलं नाही. शिवाजी विद्यापीठ आणि आपल्या उद्योजक संघटनांनी मिळून अशी एक ट्यूब फर्नेस (आत आर्गॉन सोडता येणारी नळीची भट्टी) सामायिक ठेवावी, कारखानदार आणि विद्यार्थी दोघांनाही खुली. भट्टीपाशी बसायला आमच्यासारखे निवृत्त कामगार आनंदानं येतील.

सोमवारी तो पुन्हा निघालाय. या खेपेला तुकडा एक मिलिमीटरच्या आत ठेव, असं सांगितलंय.

— एक निवृत्त कोअर शॉप सुपरवायझर, उद्यमनगर, कोल्हापूर