बाबांच्या नाकावर विश्वास ठेवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

मृगाचा पाऊस कोसळला, व्हाळ, म्हणजे आमचा ओढा, लाल झाला आणि परवा बाबा रात्रभर बॅटरी घेऊन काठावर बसले. पहाटे चिंब भिजून आले, खुंटीवर इरलं अडकवलं आणि एवढंच म्हणाले, "चढले." चार वर्षांनी हा शब्द आमच्या घरात ऐकू आला. आई चुलीपुढे बसल्या बसल्या रडली.

आमचा व्हाळ कालावलच्या खाडीला मिळतो. चढणीचे मासे कमी झाले तेव्हापासून बाबा सांगत होते, "मासो नाकान वाट शोधता. व्हाळाचो वासच गेलो, तर तो येतलो कसो?" त्यावर एक साहेब गाडीतून न उतरताच म्हणाले, तुम्हीच मारून खाल्लेत. कोकम सरबत मात्र दोन ग्लास प्यायले. दुसरे एक शिकलेले गृहस्थ हसले, "काका, मासे नाकाने श्वास घेत नाहीत हो!" त्या दिवसापासून बाबा बोलायचेच थांबले.

मग तुम्ही आलात. चपला काढून पाण्यात उतरलात, ओंजळ भरून नाकाशी नेलीत आणि डोळे मिटून विचारलंत, "काका, पूर्वी कसा वास यायचा?" बाबा म्हणाले, "पयल्या पावसात मातयेक येता, तसो." तुम्ही ते मालवणीत, जसंच्या तसं वहीत उतरवलंत. 'मातयेक' कसं लिहायचं तेही त्यांनाच विचारलंत. माझा बाप चौथी शिकलाय, ताई. त्याला शुद्धलेखन आजवर कुणी विचारलं नव्हतं.

नंतर पेजेच्या वाटीवर तुम्ही सगळं उलगडलंत. माशाचं नाक श्वासासाठी नसतंच, ते निव्वळ वासासाठी. (म्हणजे ते गृहस्थ बरोबर बोलून चुकले!) अमेरिकेत हॅसलर आणि विस्बी यांनी 1951 साली दाखवलं की माशांना दोन ओढ्यांच्या पाण्यातला फरक वासाने कळतो. पुढे त्यांनी ओढ्यात जन्मून समुद्रात वाढणाऱ्या, परतीच्या वाटेवरच्या सॅल्मन माशांची नाकं बोळ्यांनी बंद केली, तर फाट्यावर त्यांना आपला ओढा नीट ओळखता येईना. अहीर, म्हणजे तो सापासारखा लांब मासा, त्याच्या उलटा, जन्म समुद्रात आणि वाढ गोड्या पाण्यात. युरोपातल्या अहिराची काचेसारखी पिल्लं जिओस्मिनच्या वासाकडे ओढली जातात, आणि पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो त्यात मोठा वाटा याच जिओस्मिनचा. हे ऐकताना बाबांच्या हातातली वाटी तशीच राहिली. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम तांबंसुद्धा सॅल्मनच्या पिल्लाचं नाक बधिर करतं, हेही सांगितलंत. पण आमच्या व्हाळाचं निदान तुम्ही लगेच ठोकून दिलं नाहीत. "तपासल्याशिवाय नाही सांगणार," म्हणालात. तिथेच बाबांचा तुमच्यावर भरवसा बसला.

पुढची कागदपत्रं, हेलपाटे, वरच्या काजू कारखान्याचं सांडपाणी बंद होणं, ते सगळं गावाला ठाऊक आहे. मासे त्यामुळेच आले की यंदाच्या पावसाने, तेही तुम्ही तपासूनच सांगाल. माझ्या डोळ्यांपुढून ती ओंजळ हलत नाही. एखाद्याचं म्हणणं खरं असेल असं धरून चालायला काही पैसे पडत नाहीत, तरी आमच्याकडे येणाऱ्यांना ते एवढं जड का जातं कोण जाणे.

बाबा आता तिठ्यावर "त्या हॅसलर सायबाची" गोष्ट सांगतात. दर खेपेला सॅल्मन हातभर वाढतो.

श्रावणाआधी या. आई आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं करणार आहे. आणि येताना ती वही आणा. बाबांना त्यातला एक शब्द दुरुस्त करायचाय.

तुमचा,
व्हाळाकाठचा भाऊ